परीक्षणाचा मोबदला आणि परीक्षकाची सचोटी
सम्यक आजीविकेच्या दृष्टीने एक विचार

वस्तू विकत घेण्यापूर्वी जाणत्या माणसाचा सल्ला घ्यावा, ही रीत जुनीच आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मात्र हा जाणता माणूस शेजारच्या घरातून उठून मोबाईलच्या पडद्यावर येऊन बसला आहे. मोबाईल, लॅपटॉप, शिलाई यंत्र, त्वचेला लावायची मलमे, स्पर्धा परीक्षांचे शिकवणी वर्ग अशा असंख्य गोष्टींचे गुणदोष सांगणारे व्हिडिओ यूट्यूबसारख्या माध्यमांवर रोज प्रसिद्ध होतात. ते तयार करणाऱ्या परीक्षकांनी या कामाचे पैसे घ्यावेत काय, आणि घ्यावेत तर कोणाकडून, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु ज्या घरात लॅपटॉप, विमा किंवा शिकवणी वर्ग यांचा अनुभव पूर्वी कोणी घेतलेलाच नाही, त्या घराच्या दृष्टीने तो क्षुल्लक नाही. पिढ्यान्‌पिढ्या शिकलेल्या कुटुंबातील मुलाला मामा, काका, वडिलांचे सहकारी असे सल्लागार घरबसल्या लाभतात. शिक्षणाच्या पहिल्या पिढीत असलेल्या आपल्या समाजातील मुलाला हे भांडवल वारशाने मिळालेले नाही. त्याच्याजवळ शिष्यवृत्तीचे किंवा आईने साठवलेले थोडे पैसे असतात आणि सल्लागार म्हणून पडद्यावरचा अनोळखी माणूस असतो. त्या माणसाने सांगितलेले खरे की विकत घेतलेले, यावर त्या घराची वर्षभराची बचत अवलंबून असते.

१. साक्ष आणि जाहिरात

प्रथम दोन गोष्टींत भेद केला पाहिजे. जाहिरात म्हणजे विकणाऱ्याने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पैशाने केलेली घोषणा. तिच्यात निंद्य असे काही नाही. १९२० साली ‘मूकनायक’ सुरू झाले तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता, हे सर्वश्रुत आहे. ‘मूकनायक’ला जाहिरात हवी होती आणि ती हवी असणे योग्यच होते. परीक्षण ही मात्र साक्ष आहे. मी ही वस्तू वापरली, ती मला अशी आढळली, असे परीक्षक ग्राहकाच्या वतीने सांगत असतो. साक्षीदाराला एका पक्षकाराने पैसे दिले आणि ते लपवले, तर त्या साक्षीचे मोल शून्य होते. मग ती साक्ष योगायोगाने खरी असली तरीही!

बाबासाहेबांनी १९४३ साली पुणे येथे न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त दिलेल्या व्याख्यानात, पत्रकारिता हा व्यवसाय न राहता नफ्याचा धंदा झाल्याबद्दल कठोर टीका केली होती. जनतेला निःपक्षपाती माहिती देण्याचे कर्तव्य वृत्तपत्रे विसरली, हा त्यांच्या टीकेचा गाभा होता. वस्तूंचे व्हिडिओ करणारा परीक्षक हाही एका अर्थी छोटा पत्रकारच आहे आणि तीच कसोटी त्यालाही लागू पडते.

२. परदेशातील तीन प्रकरणे

हा प्रश्न नियामक यंत्रणांपुढे प्रथम आला तो अमेरिकेत व ब्रिटनमध्ये. २०१३ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्ट कंपनीचे ‘एक्सबॉक्स वन’ हे खेळयंत्र बाजारात आले. त्याच्या प्रसिद्धीसाठी ‘मशीनिमा’ या कंपनीने व्हिडिओ करणाऱ्यांना पैसे दिले. एकाला १५,००० डॉलर, तर दुसऱ्याला ३०,००० डॉलर मिळाले. पुढच्या टप्प्यात इतर अनेकांना दर हजार दर्शनांमागे एक डॉलर देण्याचे ठरले. व्हिडिओ पाहणाऱ्याला यातले काहीही कळत नव्हते. ही स्वतंत्र खेळाडूंची स्वतंत्र मते आहेत, अशीच त्याची समजूत होत होती. फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी शासकीय यंत्रणेने हे फसवणुकीचे कृत्य ठरवले आणि सप्टेंबर २०१५ मध्ये मशीनिमाने समझोता केला. यापुढे असे संबंध प्रेक्षकांपुढे उघड केले जातील, हे कंपनीला मान्य करावे लागले.

दुसरे प्रकरण वॉर्नर ब्रदर्सचे. ‘शॅडो ऑफ मॉर्डॉर’ या २०१४ च्या खेळासाठी व्हिडिओ करणाऱ्यांना शेकडो ते हजारो डॉलर देण्यात आले. खेळातील दोष दाखवू नयेत, अशी अट त्यांच्यावर होती. पैसे मिळाल्याचा उल्लेख काहींनी केलाही. परंतु तो व्हिडिओखालील मजकुरात, मुद्दाम उघडून पाहिल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी! २०१६ साली या कंपनीलाही त्याच यंत्रणेशी समझोता करावा लागला.

तिसरे प्रकरण ब्रिटनचे. ओरिओ बिस्किटांच्या स्पर्धेचे काही व्हिडिओ तेथील लोकप्रिय तरुणांनी केले होते. बिस्किट कंपनीमुळे हा व्हिडिओ शक्य झाला, अशा स्वरूपाचे आभार त्यांनी मानले होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये तेथील जाहिरात मानक प्राधिकरणाने निर्णय दिला की, आभार मानणे म्हणजे जाहिरात असल्याचे सांगणे नव्हे; व्हिडिओ पाहण्यास सुरुवात करण्यापूर्वीच ही जाहिरात आहे हे प्रेक्षकाला कळले पाहिजे.

३. मोबदला मुळातच निषिद्ध आहे काय?

अशी प्रकरणे वाचून काहीजण म्हणतील की, परीक्षकाने एक पैसाही घेऊ नये. हे मत शुद्ध दिसते, पण न्याय्य नाही. वस्तू आठवडे वापरून पाहणे, चित्रण करणे, संकलन करणे हे श्रम आहेत. श्रम फुकट मागणे ही कोणती नीती आहे, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावे लागत नाही. महार वतनदाराने गावकीच्या व सरकारी कामासाठी अष्टौप्रहर राबावे आणि त्याबदल्यात इनाम जमिनीचा तुकडा व बलुत्याचे धान्य यांवर समाधान मानावे, अशी व्यवस्था होती. त्या व्यवस्थेत बदल करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. बलुत्याचे माप देणाऱ्याच्या मर्जीवर असे. म्हणून घेणाऱ्याला त्याचे मन राखावे लागे.

आज कंपन्या लहान परीक्षकांना अनेकदा रोख रक्कम न देता ती वस्तूच ठेवून घेऊ देतात. हाही मर्जीवर चालणारा मोबदलाच आहे. पुढची वस्तू मिळावी, तर या वस्तूबद्दल वाईट बोलून चालत नाही. ही वस्तू म्हणजे केवळ भेट नव्हे, हे आपल्या आयकर खात्यानेही ओळखले आहे. १ जुलै २०२२ पासून अशा लाभांवर, वर्षाला २०,००० रुपयांची मर्यादा ओलांडल्यास, १० टक्के करकपात लागू झाली. परीक्षकाने ठेवून घेतलेली वस्तू लाभ समजली जाईल आणि परत केलेली समजली जाणार नाही, असा खुलासाही त्या वेळी करण्यात आला.

सारांश, श्रमाचा मोबदला न्याय्य आहे. वाद आहे तो निष्कर्षाच्या मोबदल्याविषयी.

४. मिथ्या आजीविकेची पाच लक्षणे

तथागतांनी उपासकाला व्यापार निषिद्ध मानलेला नाही. अंगुत्तर निकायात शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष या पाचांचाच व्यापार वर्ज्य सांगितला आहे. तथापि मज्झिम निकायातील महाचत्तारीसक सुत्तात मिथ्या आजीविकेची जी लक्षणे येतात, ती वस्तूंपेक्षा वागण्यासंबंधी आहेत: कुहना म्हणजे ढोंग, लपना म्हणजे लाभासाठी गोड बोलणे, नेमित्तिकता म्हणजे सूचक इशारे करून मिळवणे, निप्पेसिकता म्हणजे दुसऱ्याला हिणवणे, आणि लाभाच्या आधारे आणखी लाभाची इच्छा धरणे. अट्ठकथांची परंपरा यांचे विवरण मुख्यतः भिक्खूंच्या संदर्भात करते. दाता आणि घेणारा यांच्या संबंधात वाणी कशी भ्रष्ट होते, हे त्यातून स्पष्ट होते.

ही पाचही लक्षणे आजच्या प्रायोजित परीक्षणाला लावून पाहावीत. स्वतः विकत घेतल्याचा आव आणणे ही कुहना. कंपनीची वस्तू हाती आहे म्हणून तिची स्तुती करणे ही लपना. अमुक कंपनीने अजून आपल्याकडे वस्तू पाठवली नाही, असे व्हिडिओत सुचवणे ही नेमित्तिकता. पैसे देणाऱ्याच्या स्पर्धकाची वस्तू हिणवणे ही निप्पेसिकता. आणि एका फुकट वस्तूच्या व्हिडिओवर दुसरी, दुसरीच्या जोरावर तिसरी मिळवीत जाणे हे पाचवे लक्षण. दोष पैशात नाही. पैशाने वाणीचा ताबा घेतला की आजीविका मिथ्या होते. येथे सम्यक वाणी आणि सम्यक आजीविका ही दोन अंगे एकमेकांपासून अलग करताच येत नाहीत.

५. उघड सांगणे पुरेसे आहे काय?

आपल्या देशात आता या बाबतीत नियम आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल, तिचे समर्थन करणाऱ्या व्यक्तीलाही १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार आहे. जाहिरात मानक परिषदेची या क्षेत्रासाठीची मार्गदर्शक तत्त्वे जून २०२१ मध्ये अमलात आली. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाने स्पष्ट केले की, पैसे, फुकट वस्तू, सवलत, प्रवास किंवा नातेसंबंध यांपैकी काहीही असले तरी ते साध्या भाषेत सांगितले पाहिजे; व्हिडिओत ते केवळ खालच्या मजकुरात न लिहिता दृश्य व ध्वनी या दोन्ही रूपांत सांगितले पाहिजे.

हे नियम आवश्यक आहेत, पण त्यांवर विसंबून राहणे धोक्याचे आहे. डेलियन केन, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि डॉन मूर या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे विचारात घेण्यासारखा आहे. एका बरणीतील नाण्यांची किंमत काही जणांनी दुरून अंदाजाने सांगायची होती. बरणी जवळून पाहिलेले सल्लागार त्यांना सल्ला देत. काही सल्लागारांना, अंदाज जितका जास्त तितका जास्त मोबदला मिळणार होता. हा हितसंबंध उघड केल्यावर काय झाले? सल्लागारांनी आकडे आणखी फुगवले! आपण सांगून मोकळे झालो, आता सावध राहणे समोरच्याचे काम, अशी त्यांची वृत्ती झाली. अंदाज करणाऱ्यांनी सल्ल्यातून काही वजावट केली, पण ती पुरेशी नव्हती. म्हणजे, उघड सांगितल्याने लबाडी लपत नाही, हे खरे. पण तिचा परिणामही नाहीसा होत नाही.

६. मग मोबदला कोणी द्यावा?

ज्याच्या वतीने साक्ष दिली जाते त्याने, म्हणजे ग्राहकाने, मोबदला द्यावा हे सर्वांत उत्तम. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ ही संस्था १९३६ पासून याच तत्त्वावर चालते. ती तपासायच्या वस्तू सामान्य ग्राहकाप्रमाणे दुकानातून विकत घेते, बाहेरच्या जाहिराती छापत नाही आणि वर्गणी व देणग्या यांवर उभी आहे. आपल्या मुंबईत १९६६ साली स्थापन झालेली कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्थाही वस्तूंची तपासणी करून ‘कीमत’ या नियतकालिकातून ग्राहकांना माहिती देत आली आहे.

दुसरा मार्ग माध्यमाच्या जाहिरात-उत्पन्नातील वाट्याचा. यूट्यूब दीर्घ व्हिडिओंवरील जाहिरातींच्या उत्पन्नापैकी ५५ टक्के वाटा निर्मात्यास देते. व्हिडिओपूर्वी कोणती जाहिरात दिसावी हे सहसा परीक्षक ठरवीत नाही, म्हणून त्याच्या निष्कर्षावर तिचा दाब कमी पडतो. मात्र या वाट्यासाठी १,००० वर्गणीदार आणि वर्षभरात ४,००० तासांचे दर्शन (किंवा लघुव्हिडिओंचे ९० दिवसांत १ कोटी दर्शन) अशी अट आहे. नवख्याला ती पार करण्यास वेळ लागतो आणि नेमका याच काळात कंपनीचा मोह त्याला गाठतो.

तिसरा मार्ग दलालीचा. व्हिडिओखाली दिलेल्या दुव्यावरून कोणी खरेदी केली, तर विक्रीतला हिस्सा परीक्षकाला मिळतो. हा मार्ग निरुपद्रवी समजला जातो, पण तो तसा नाही. वस्तू घेऊ नका, असा सल्ला देणाऱ्याला यात काहीच मिळत नाही. चौथा मार्ग उत्पादकाने थेट पैसे देण्याचा. त्याला जाहिरात म्हणावे, जाहिरातीचा दर घ्यावा आणि परीक्षण हा शब्द तेथे वापरू नये.

७. उपसंहार

तेव्हा परीक्षकाला मोबदला मिळालाच पाहिजे. मात्र निष्कर्ष काय निघावा याची अट त्या मोबदल्यात नसावी. आपल्या वस्त्यांतील अनेक तरुण-तरुणी आता कॅमेऱ्यासमोर उभे राहत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांनी वस्तू शक्यतो विकत किंवा उसनी घ्यावी, मिळालेली वस्तू परत करावी, दोष सांगण्याचा अधिकार करारात लिहून घ्यावा आणि तो मिळत नसेल तर ते काम जाहिरात म्हणून करावे किंवा सोडावे.

प्रेक्षकांचेही कर्तव्य आहे. केसपुत्त येथील कालामांची अडचण हीच होती की, येणारा प्रत्येक उपदेशक आपल्या मताची थोरवी गाई आणि इतरांची मते हिणवी. बोलणारा समर्थ दिसतो एवढ्यावरून त्याचे ऐकू नका, हेही तथागतांनी त्यांना सांगितले. विहारांतील अभ्यासिका व महिला मंडळे यांना यातून एक साधा उपक्रम करता येईल. शिकवणी वर्ग पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांनी व वस्तू वर्षभर वापरलेल्या कुटुंबांनी आपला अनुभव लिहून ठेवावा आणि नव्याने घेणाऱ्याने तो आधी वाचावा. अशी नोंदवही प्रत्येक अभ्यासिकेत असेल, तर पहिल्यांदाच काही विकत घेणाऱ्या घराला अनोळखी माणसाच्या शब्दावर आपली बचत पणाला लावावी लागणार नाही.