लवंगांच्या राजाचा नातू

समोर विस्तव धगधगतोय. सुटाबुटातला एक हिंदी वकील हातातला ओळखपास त्यात टाकतो. पोलिसाची काठी बसते. तो कोसळतो, सावरतो आणि दुसरा पास उचलतो. पुन्हा काठी. शेवटी अंगात उठायचं त्राण राहत नाही, तरी थरथरणारी बोटं चाचपडत आणखी एक पास शोधतात आणि विस्तवात सोडतात. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या 1982 सालच्या ‘गांधी’ या चित्रपटातला हा दक्षिण आफ्रिकेतला प्रसंग. बेन किंग्जली यांनी तो जवळजवळ एका हाताने पेलला आहे.

त्या पासांवर माणसांची नावं होती. ते जाळणाऱ्या नटाला स्वतःचं नाव काही वर्षांपूर्वीच बाजूला ठेवावं लागलं होतं.

किंग्जली यांचा जन्म 31 डिसेंबर 1943 रोजी इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात झाला. पाळण्यातलं नाव कृष्णा भानजी. वडील डॉक्टर. त्यांचं घराणं मूळ गुजरातमधलं, खोजा समाजाचं. आजोबा झांजिबारला मसाल्यांचे मोठे व्यापारी होते आणि लवंगांच्या व्यापारामुळे त्यांना ‘किंग क्लोव्ह’, म्हणजे लवंगांचा राजा, असं टोपणनाव पडलं होतं. आई इंग्लिश होती आणि तिलाही अभिनयाची ओढ होती. मुलगा वाढला मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्ड भागात. स्ट्रॅटफर्डला इयन होम यांनी रंगवलेला शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड त्याने पाहिला आणि आपली वाट कोणती, हे त्याला कळून चुकलं.

पण 1960च्या दशकातल्या ब्रिटिश रंगभूमीवर ‘कृष्णा भानजी’ला दारं सहज उघडत नव्हती. चाचणी उत्तम झाली, पण तुम्हाला बसवायचं कुठे ते कळत नाही, अशा अर्थाची उत्तरं मिळत, असं किंग्जली यांनी मुलाखतींत सांगितलं आहे. नाव बदलल्यावर मात्र कामं मिळू लागली. अभिनय तोच होता आणि माणूसही तोच होता. नवं नाव त्यांनी घरातूनच घेतलं. ‘बेन’ हे वडिलांचं टोपणनाव, तर ‘किंग्जली’ची प्रेरणा लवंगांच्या राजाची. ही तडजोड होती, पण तिच्यात बाप आणि आजोबा दोघेही सोबत आले.

1967 मध्ये ते रॉयल शेक्सपिअर कंपनीत दाखल झाले. पीटर ब्रुक यांनी 1970 मध्ये ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’चा जो गाजलेला प्रयोग बसवला, त्यात ते डिमिट्रियस होते. तिथे रान नव्हतं, चांदणं नव्हतं. होत्या नुसत्या पांढऱ्या भिंती आणि झोपाळे. जंगल उभं करायचं ते नटाच्या अंगाने आणि आवाजाने. 1975 मध्ये बझ गुडबॉडी या तरुण दिग्दर्शिकेने त्यांना हॅम्लेट केलं, तेही स्ट्रॅटफर्डच्या ‘द अदर प्लेस’ या पत्र्याच्या शेडमध्ये. प्रेक्षक हाताच्या अंतरावर असल्याने पापणी लवली तरी दिसे. मोठ्या रंगमंचाची ताकद आणि कॅमेऱ्याला लागणारा बारकावा, दोन्हींची तालीम त्यांना रंगभूमीवरच मिळाली.

गांधींवरच्या चित्रपटाचा ध्यास अ‍ॅटनबरो यांनी 1962 पासून घेतला होता. किंग्जली यांचं नाव सुचवलं ते अ‍ॅटनबरो यांच्या नाट्यदिग्दर्शक मुलाने, मायकेलने. किंग्जली चरखा शिकले, योगासनं करू लागले, शाकाहारी झाले. तरीही खरी परीक्षा वयाची होती. 1893 मधल्या तरुण बॅरिस्टरपासून 1948 मधल्या वृद्धापर्यंतचा प्रवास साडेतीन तासांच्या आत दाखवायचा होता. त्यांच्या गांधींचं म्हातारपण रंगभूषेआधी चालण्यातून आणि बसण्यातून कळतं.

या चित्रपटात आपली माणसंही आहेत. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू, कस्तुरबांच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. कस्तुरबांच्या मृत्यूचा प्रसंग पुण्याच्या आगाखान पॅलेसमधला. तिथे संवाद जवळजवळ नाहीत, आहे ती पत्नीजवळ बसलेल्या नवऱ्याची स्तब्धता. हा वाडा 1892 मध्ये बांधला तिसऱ्या आगाखानांनी, म्हणजे खोजांमधल्या इस्माइली पंथाच्या धर्मगुरूंनी. इतिहासाने किंग्जली यांना पुन्हा आपल्या पूर्वजांच्या अंगणात आणून सोडलं होतं.

‘गांधी’ला आठ ऑस्कर मिळाले. त्यातला एक किंग्जली यांचा, तर वेशभूषेचा कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी जॉन मोलो यांच्यासह मिळवला. हट्टंगडींना ‘बाफ्टा’ मिळाला.

एवढ्या यशानंतर नट एकाच साच्यात अडकण्याची भीती असते. किंग्जली पुन्हा रंगमंचावर गेले. 1985 मध्ये त्यांनी ऑथेल्लो केला. 2000 सालच्या ‘सेक्सी बीस्ट’मध्ये तर त्यांनी डॉन लोगन हा असा काही गुंड रंगवला, की गांधींचा चेहरा त्याच्यात शोधूनही सापडत नाही. त्या भूमिकेनेही त्यांना ऑस्करचं नामांकन मिळवून दिलं.

मला मात्र सर्वांत जवळची वाटते ती ‘शिंडलर्स लिस्ट’मधली (1993) इत्झाक स्टर्नची भूमिका. रात्रीची वेळ. कारखानदार शिंडलर येरझाऱ्या घालत एकेक नाव सांगतोय आणि त्याचा हिशेबनीस स्टर्न ते टंकतोय. कळांचा टकटकाट, कागदावर उमटणारी अक्षरं. प्रत्येक नाव म्हणजे छळछावणीतून वाचणारा एक जीव. हा माणूस यातल्या प्रत्येकासाठी पैसे मोजतोय, हे स्टर्नला उमगतं तेव्हा किंग्जली काहीही मोठं करत नाहीत. हात थांबतात आणि नजर वर जाते.

एका चित्रपटात ते नावांचे कागद जाळतात, दुसऱ्यात नावं कागदावर उतरवतात. दोन्हीकडे नाव म्हणजे माणसाचा जगण्याचा हक्क आहे. ‘कृष्णा’ या नावापायी काम नाकारलं गेलेल्या माणसाला तो हक्क काय असतो, हे वेगळं शिकवावं लागलं नसणार. 2002 मध्ये ब्रिटनने त्यांना ‘सर’ हा किताब दिला. सन्मान झाला सर बेन किंग्जली यांचा आणि त्या नावात झांजिबारच्या आजोबांची लवंग अजून दरवळते आहे.