विश्लेषण : फ्लॅटमध्ये कुत्रा पाळावा की मांजर? उत्तर घड्याळात आणि स्वयंपाकघरात!

सुट्टी लागली की शहरांतल्या अनेक घरांत एक वाद हमखास रंगतो. मुलाला कुत्रा हवा असतो, मुलीला मांजर आणि आईला दोन्ही नको असतात, कारण शेवटी सगळे तिलाच करावे लागते. समाजमाध्यमांवरची चर्चा मात्र स्वभावाभोवतीच फिरते : कुत्रा इमानी, मांजर मतलबी. प्रत्यक्षात निवड चुकते ती वेगळ्याच कारणांनी. घर दिवसभर बंद असते, घरात मांसाहार चालत नाही किंवा मुले शिकायला परगावी जातात. या चुकीची किंमत बहुतेक वेळा प्राण्यालाच मोजावी लागते.

घर किती तास बंद असते?

कुत्रा हा कळपाने राहणाऱ्या लांडग्याचा वंशज. घरातली माणसे हाच त्याचा कळप. मांजराचा पूर्वज असलेले आफ्रिकी रानमांजर एकट्याने शिकार करणारे. हा फरक हजारो वर्षांच्या सहवासानंतरही पुसला गेलेला नाही. बदलापूर किंवा विरारहून सकाळी साडेसातला लोकल पकडणारे जोडपे रात्री साडेआठला परतते. म्हणजे कुत्रा १३ तास एकटा. त्याला शी-शूसाठी दिवसातून किमान तीनदा बाहेर न्यावे लागते. भुंकणे, चपला आणि सोफा कुरतडणे याला शेजारी खोडकरपणा म्हणतात, पण अनेकदा तो एकटेपणाचा ताण असतो.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. प्राण्यांना क्रूर वागणूक देण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नुसार, सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवण्यात हयगय करणे हा गुन्हा आहे. प्राण्याला वाऱ्यावर सोडून देणे हाही गुन्हाच. पहिल्या वेळचा दंड मात्र १० ते ५० रुपये, म्हणजे जेमतेम एक-दोन वडापावची किंमत!

मांजर लिटर ट्रेमध्ये शी-शू करून स्वतःच झाकते, दिवसाचा बराच वेळ झोपते आणि ऑफिसची वेळ निभावून नेते. म्हणून त्याला माणसांची गरज नाही, असे मात्र नाही. अमेरिकेतील ओरेगॉन स्टेट विद्यापीठाच्या २०१९ मधील अभ्यासात जवळपास दोन तृतीयांश पिल्लांचे पालकांशी सुरक्षित नाते दिसून आले. शिवाय ‘वाटीत खाणे ठेवून’ दोन दिवस गावाला जाणे धोक्याचे ठरू शकते. बोक्यांमध्ये मूत्रमार्ग तुंबण्याचा त्रास नेहमीचा आहे. वेळीच लक्षात न आल्यास एक-दोन दिवसांत तो जिवावर बेततो. ट्रेमध्ये वारंवार बसूनही लघवी होत नसेल तर लगेच डॉक्टर गाठावा लागतो.

वरणभातावर कोण जगेल?

शाकाहारी घरांसाठी हा सर्वात कळीचा प्रश्न आहे आणि तो नेमका विचारलाच जात नाही. माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर वाढताना कुत्र्याचे शरीर बदलत गेले. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेज विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असल्याचे २०१३ मध्ये ‘नेचर’मधील संशोधनाने दाखवले. त्यामुळे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आखलेल्या संतुलित शाकाहारावर कुत्रा राहू शकतो. नुसता दूधपोळीचा काला मात्र त्यालाही पुरत नाही.

मांजराच्या बाबतीत ही सवलत नाही. मांसातून मिळणारे टॉरिन हे द्रव्य त्याचे शरीर पुरेसे बनवू शकत नाही. ते कमी पडल्यास डोळ्यांचा पडदा निकामी होतो, हृदयाचे स्नायू दुबळे होतात. तयार ‘अ’ जीवनसत्त्वही त्याला प्राणिज अन्नातूनच लागते. ज्या घरात अंडेही येत नाही, तिथे मांजर आणायचे तर त्याच्यासाठी मांसयुक्त खाद्य घरात ठेवण्याची तयारी हवी. ती नसेल तर मांजर न आणणेच बरे.

आणि दूध? डोळे मिटून दूध पिणारे मांजर आपल्या म्हणींत कायमचे बसले आहे. पण बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही, जुलाब होतात. गोड चव तर त्यांच्या जिभेला कळतच नाही.

कांदा-लसूण दोघांच्याही लाल रक्तपेशींना घातक आहे. शिऱ्यातले बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला बाधते. ताप आला म्हणून पॅरासिटामॉल देणे तर मांजरासाठी प्राणघातक ठरते, एक गोळीही जीव घेऊ शकते.

सोसायटी नाही म्हणू शकते का?

बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आवारातली घाण उचलणे ही मालकाची जबाबदारी. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये कुत्र्यांप्रमाणे मांजरांसाठीही परवाना आवश्यक करण्याचा निर्णय घेतला. तेव्हा ‘मांजराला कोण विचारतो’ हा समज आता सोडावा लागेल.

आजार, लस आणि खिडकीची जाळी

रेबीज फक्त कुत्र्यामुळे होतो, हा गैरसमज जिवावर उठणारा आहे. माणसाला होणाऱ्या रेबीजमागे बहुतांश वेळा कुत्राच असतो हे खरे. पण बाधित मांजराच्या चाव्यातून किंवा ओरखड्यातूनही तो होऊ शकतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर वाचणे जवळपास अशक्य. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठायचा, मग चावणारे घरचे मांजर का असेना. रेबीजची लस दोघांनाही द्यावी लागते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून फिरणाऱ्या कुत्र्याला लेप्टोची लसही हवी. घरात गर्भवती असेल तर मांजराचा ट्रे दुसऱ्या कुणीतरी रोज साफ करावा. टॉक्सोप्लाझ्माचे जंतू विष्ठेतून पडल्यावर संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस घेतात, त्यामुळे रोजची सफाईच मुख्य बचाव ठरते.

मांजर आणण्याआधी खिडक्यांना जाळी मात्र हवीच. मांजर उंचावरून पडूनही वाचते, यासाठी न्यूयॉर्कमधील १९८७ च्या एका अभ्यासाचा दाखला दिला जातो. त्यातील १३२ पैकी ९० टक्के मांजरे वाचली होती. पण ही सगळी दवाखान्यापर्यंत पोहोचलेली मांजरे! जागीच मेलेली त्या हिशेबात नाहीत.

पंधरा वर्षांनी घरात कोण असेल?

घरात सांभाळलेले मांजर १५ वर्षे सहज जगते, कुत्रा साधारण १० ते १३. सातवीतल्या मुलाच्या हट्टाने आणलेले पिल्लू म्हातारे होईल तेव्हा तो मुलगा बेंगळूरु किंवा बर्लिनमध्ये असू शकतो आणि पट्टा हातात येतो साठी ओलांडलेल्या आईवडिलांच्या. गुडघेदुखी असलेल्या माणसाला लॅब्राडॉर ओढत नेतो. मांजराचा ट्रे मात्र त्यांना झेपतो. जाहिरातीत पाहून पग आणणाऱ्यांनी त्याच्या चपट्या नाकाचा, म्हणजे उन्हाळ्यात लागणाऱ्या धापेचा खर्चही धरावा.

निर्णय होत नसेल तर अनेक प्राणिमित्र संस्थांकडून काही आठवड्यांसाठी देशी कुत्रा किंवा मांजर सांभाळायला घेता येते. मात्र तो प्रयोग सुट्टीत न करता शाळा-ऑफिस सुरू असताना करावा.