गावकुसाबाहेरची वस्ती आणि जनगणनेचे गाव

जनगणनेचे आकडे आपण सभेत, निवेदनात, परिसंवादात नेहमी वापरतो. पण हे आकडे कोणत्या क्षेत्राचे, त्या क्षेत्राची सीमा कोण ठरवतो आणि ती केव्हा बदलते, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. ती व्हायला हवी. माणसे मोजण्याआधी जमीन विभागली जाते, आणि कोण दिसणार, कोण झाकला जाणार हे बरेचसे तिथेच ठरते.

ग्रामीण भागात जनगणनेचे मूळ एकक म्हणजे महसुली गाव. महसुली गाव म्हणजे घरांचा समूह नव्हे. मोजणी करून ज्याचे शिवार ठरवले ते गाव. म्हणून एकही माणूस राहत नसलेले बेचिराग गावही जनगणनेच्या यादीत स्वतंत्र येते. २०११ च्या यादीतील ६,४०,८६७ गावांत अशी गावेही धरलेली आहेत. उलट गावकुसाबाहेर तीन-चारशे माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत असली तरी त्यांच्या वस्तीला त्या यादीत वेगळी ओळ नाही. गावाचे माप जमीन ठरले. ज्यांच्या वाट्याला जमीन आली नाही, त्यांची वस्ती त्या मापात विरून गेली.

आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. भूगोल शिकवू लागल्यावर मी जिल्हा जनगणना पुस्तिकेत आमची वस्ती शोधली. गाव सापडले, गावातील अनुसूचित जातींची एकूण संख्या सापडली. वस्ती सापडली नाही. त्याच पुस्तिकेत गावात शाळा, नळ, पक्का रस्ता आहे का, याची नोंद असते. नळ वेशीच्या आत असला तरी गावापुढे ‘आहे’ असेच लागते.

याचे परिणाम योजनांत दिसतात. २००९-१० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आदर्श ग्राम योजनेसाठी निम्म्याहून अधिक अनुसूचित जातींची गावे घ्यायची होती. समजा, एका गावात ६०० पैकी ३५० दलित आहेत, दुसऱ्यात ५,००० पैकी १,५००. पहिले गाव निकषात बसते. दुसऱ्यातले १,५०० लोक बाहेर राहतात. पुढे अट ४० टक्क्यांवर आली तरी बाहेरच.

मोजणीसाठी गावाचे वा शहराचे साधारण ६०० ते ८०० लोकांचे प्रगणक गट पाडतात. शहरात प्रभागरचना करताना हे गट जोडले जातात, आणि प्रभागातील अनुसूचित जातींच्या प्रमाणावरून आरक्षण ठरते. वस्ती दोन प्रभागांत विभागली गेली, तर तिचे बळ दोन्हीकडे तोकडे पडते.

दोन जनगणनांच्या मधल्या काळात जिल्हे फुटतात, गावे नगरपालिकेत जातात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. २०११ च्या तक्त्यांत तो ठाण्यातच आहे. मोजणीत घोळ नको म्हणून जनगणना नियम, १९९० नुसार ठरावीक तारखेला सीमा गोठवतात. २०२१ ची जनगणना झालीच नाही. २०२७ च्या जनगणनेसाठी ही तारीख ३१ डिसेंबर २०२५ ठरवण्यात आली.

सीमा काही देवाने आखलेल्या नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४ नुसार राज्य सरकार अधिसूचना काढून नवे महसुली गाव करू शकते. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. पण त्याने पाटी बदलली. तक्त्यातली जागा बदलली नाही.

प्रत्येक वस्तीचे वेगळे गाव करा, असे मी म्हणत नाही. त्याने बहिष्कारच पक्का होण्याची भीती आहे. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गाव नव्हे, व्यक्ती हे एकक मानल्याचे समर्थन केले होते. त्याच न्यायाने आपली मागणी साधी असावी : पाणी, रस्ता, शाळा यांची नोंद गावनिहाय नको, वस्तीनिहाय हवी, आणि ती छापली गेली पाहिजे. तोवर कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या गावाचा तक्ता काढावा, वस्तीत जाऊन स्वतः मोजणी करावी आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून ग्रामसभेत मांडावेत.