चापड्याचा दंश आणि त्यावरचे उपचार

डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये उष्णता टिपणारा खळगा असलेले विषारी साप सह्याद्रीत चापडा या नावाने ओळखले जातात. बांबूच्या बेटात राहणारा हिरवा चापडा, आंबोलीसारख्या दमट घाटांत दिसणारा रंगीबेरंगी मलबारी चापडा आणि गोवा-दक्षिण कोकणापासून केरळपर्यंत पाचोळ्यात दडणारा उंच नाकाचा चापडा हे त्यांतले महत्त्वाचे. माणूस जवळ आला तरी हे साप पळत नाहीत, निश्चल बसून राहतात. त्यामुळे बागेत झुडपे साफ करणाऱ्याच्या हाताला किंवा अनवाणी पायाला दंश होतो.

दंशाच्या जागी लगेच जळजळीत वेदना सुरू होतात. काही तासांत सूज वर चढते, फोड येतात, क्वचित कातडी काळी पडून सडते. विषातली विकरे रक्त गोठवणारी प्रथिने संपवतात. मग हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जाऊ शकते. हिरव्या चापड्याचा त्रास बहुधा सुजेपुरताच राहतो. उंच नाकाच्या चापड्याला मात्र किरकोळ समजणे घातक आहे, कारण त्याचे विष मूत्रपिंडे निकामी करू शकते. त्याच्या जीवघेण्या दंशांची खात्रीशीर नोंद केरळमधील डॉक्टरांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी असे साप अनेकदा फुरसे समजले जात.

ही गल्लत महागात पडते. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारच सापांच्या विषावर बनते. चापड्याच्या विषावर त्याचा भरवसा धरता येत नाही, उलट त्याची तीव्र ॲलर्जी होऊ शकते. थायलंडमध्ये तिथल्या हिरव्या चापड्यासाठी वेगळे प्रतिविष तयार होते; भारतातल्या चापड्यांसाठी असे औषध अजून नाही, आणि ही उणीव भरून निघायलाच हवी. साप ओळखता आला नाही आणि रक्तस्राव होत असेल, तर घोणस किंवा फुरशाची शक्यता धरून डॉक्टर प्रतिविष देतात, ते योग्यच आहे.

चापडाच चावल्याची खात्री झाली, तर उपचाराचा भर देखरेखीवर असतो. काचेच्या कोरड्या नळीत रक्त २० मिनिटे ठेवून ते गोठते का, हे पुन्हा पुन्हा तपासतात. बिघाड सौम्य असेल तर ही चाचणी चकवते, म्हणून प्रयोगशाळेतली तपासणीही लागते. सुजेची हद्द पेनाने आखतात. दंडात किंवा कुल्ल्यात इंजेक्शन टाळतात, कारण तिथे रक्त साकळते. गरजेनुसार धनुर्वाताची लस, रक्तघटक आणि डायलिसिस दिले जाते. लघवी कमी होणे ही धोक्याची खूण आहे. घरी गेल्यावरही काही दिवस तिच्याकडे लक्ष ठेवावे लागते.

दंश होताच अंगठ्या, बांगड्या काढाव्यात, हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा. आवळपट्टी बांधू नये, जखम कापू-चोखू नये, ॲस्पिरिन घेऊ नये. साप पकडण्यात किंवा मांत्रिकाकडे जाण्यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे. लांबून घेतलेला सापाचा फोटो डॉक्टरांना पुरतो.