वानराच्या हाडाचा बाण

लंका, वानर आणि बाण हे तीन शब्द एकत्र आले की आपलं मन थेट युद्धकांडात पोचतं. पाहियंगल गुहेतला मामला वेगळा आहे. इथे बाण वानरावरच सोडलेला आहे आणि त्याचं टोकही वानराच्याच हाडाचं आहे.

ही प्रशस्त गुहा श्रीलंकेच्या नैर्ऋत्येला, कलुतारा जिल्ह्यातल्या पावसाळी जंगलाच्या पट्ट्यात आहे. चिनी यात्रेकरू फाहियान इथे राहून गेला अशी समजूत असल्यामुळे पुरातत्त्वाच्या लिखाणात तिला ‘फा-हियेन लेना’ म्हणतात. फाहियान लंकेत आला पाचव्या शतकाच्या आरंभी. माणसं मात्र त्याच्या ४५ हजार वर्षं आधीपासून गुहेत नांदत होती.

इथल्या उत्खननात निघालेल्या १३० हाडी टोकांचा अभ्यास मिशेल लँगली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केला. त्यांतली सर्वांत जुनी टोकं सुमारे ४८,००० वर्षांपूर्वीची आहेत. वेगाने आदळून मोडल्याच्या खुणा त्यांच्यावर दिसतात. भाल्याला लावावीत तर ती फारच लहान आणि हलकी. म्हणजे राहिला बाण. धनुष्य काही सापडलेलं नाही. लाकूड आणि दोरी त्या दमट हवेत टिकण्याची आशाच नको. आफ्रिकेबाहेरचा धनुष्यबाणाचा सर्वांत जुना पुरावा म्हणून तेव्हा बराच गाजावाजा झाला. पुढे २०२३ मध्ये फ्रान्सच्या मांद्रँ गुहेतल्या ५४,००० वर्षांपूर्वीच्या दगडी टोकांनी तो मान हिरावून घेतला. या शर्यतीत मला फारसा रस नाही. हाड कुणाचं आणि का, हा प्रश्न जास्त मोलाचा आहे.

दगड हाताशी नव्हता असं नाही. याच लोकांनी गारगोटीची बारीक हत्यारं केली आहेत. पण गारगोटी धारदार असली तरी ठिसूळ. तिच्यातून लांब, बारीक, सरळ टोक काढणं महाकठीण. हाडाचं तसं नाही. त्यातलं खनिज कठीणपणा देतं आणि कोलॅजेन नावाचं प्रथिन लवचीकपणा. नेम चुकून बाण फांदीवर आदळला तर दगडाचे तुकडे होतात. हाड बहुधा निभावतं, आणि बोथट झालं तरी पुन्हा घासता येतं. त्यात झाडावर राहणाऱ्या वानरमाकडांच्या हातापायांची हाडं लांब, सरळ आणि आतून पोकळ. जेवणाबरोबरच पुढच्या शिकारीची सोयही घरी यायची. गुहेतल्या हाडांवरून दिसतं, की भर असायचा वानरं, माकडं आणि मोठ्या खारी मारण्यावर, आणि त्यातही पूर्ण वाढलेल्या जनावरांवर.

हाड घडवायची रीत जगभर साधारण सारखीच. नळी मोकळी करायची, टोकांच्या गाठी काढून टाकायच्या. मग दगडी पात्याने एक उभी रेघ ओढायची आणि त्याच रेघेवरून पातं पुन्हा पुन्हा फिरवायचं. खाच पोकळीपर्यंत पोचली की नळी फाकते आणि लांबट तुकडा सुटून येतो. तो तासायचा, मग पाणी घालून खरखरीत दगडावर घासायचा. एक टोक सावजासाठी, दुसरं काडीत बसवण्यासाठी. भिंगाखाली धरलं तर तासल्याच्या बारीक रेघा हाडाच्या लांबीला समांतर दिसतात, घासल्याच्या बहुधा तिरक्या. कुत्र्याने चघळलेलं हाड आणि माणसाने घडवलेलं हाड यांतला फरक अशाच खुणांवरून ठरतो. तेवढी नजर नसेल तर हत्यार सरळ खरकट्याच्या ढिगात जमा होतं.

याहून जुनी रीत म्हणजे हाडावर दगडासारखेच घाव घालून कपचे उडवणं. टांझानियातल्या ओल्डुवाई घळीतली अशी २७ हत्यारं २०२५ साली जाहीर झाली. ती १५ लाख वर्षांपूर्वीची आहेत, हत्ती-पाणघोड्यांसारख्या अजस्र जनावरांच्या हाडांची. अवजड कामाला ती ठीक. बाणाच्या टोकाला लागते ती घासण्याची चिकाटी.

करून पाहायची हौस असेल तर मटणवाल्याकडून पाय आणा, पण ते शिजवण्याआधी एक बाजूला काढा. पायाच्या रश्श्याला जो चिकटपणा येतो तो कोलॅजेनचाच, त्यामुळे उकळून उरलेलं हाड हत्याराच्या दृष्टीने गेलेलं. खुरांच्या वरच्या नळीवर मुळातच एक उभी खाच असते, कारण दोन हाडं जुळून ती झालेली असते. पहिली रेघ तिथेच ओढा. घासताना पाणी घालत राहा आणि नाकातोंडावर मास्क बांधा, हाडाची भुकटी फुप्फुसांना वाईट.