मारलेला कुत्रा काय लपवतो

गुन्हेगारीशास्त्र शिकवणारी बाई कुत्र्यांच्या मागे काय लागलीय, असं कोन गावच्या नाक्यावरच्या एका दुकानदारानं मला तोंडावर विचारलं. काम तसंच दिसतं खरं. विद्यार्थ्यांना घेऊन मटणाच्या दुकानांमागे, हॉटेलांच्या खरकट्याशी कुत्री कुठे जमतात ते पाहायचं. कानाला खाच असलेली, म्हणजे नसबंदी आणि रेबीजची लस झालेली, वेगळी मोजायची. कुणाला कुत्रा चावला असेल तर केसपेपर पाहायला मागायचा.

एका आजींनी नातवाचा दाखवला. पोटरीचं कातडं फाटलेलं, म्हणजे तिसऱ्या श्रेणीचा चावा. जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, पुढे लशीचे दिवस: ०, ३, ७, २८. घरी आधी हळद दाबली होती. साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात जखम धुवायची, हे दवाखान्यात कळलं. आणि कुत्रा? “पोरांनी तेव्हाच ठेचला की.”

माझा विषय सुरू होतो तो इथे. लस लगेच सुरू होतेच. पण चावलेला कुत्रा दहा दिवस धडधाकट राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं डॉक्टर धरतात. कुत्रा मारला की ही पडताळणी बुडाली. मेंदू तपासता येतो, पण गटारात फेकलेला कुत्रा प्रयोगशाळेत कोण नेणार? शिवाय काठ्या घेऊन धावलेल्यांनाही चावा बसू शकतो.

१९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. वडापावचा हिशोब! भारतीय न्याय संहितेच्या ३२५व्या कलमात मात्र पाच वर्षांपर्यंत कैद आहे; पण ते कलम बसलंय मालमत्तेच्या प्रकरणात. “भटका कुत्रा कुणाची मालमत्ता, मॅडम?” एका मुलीनं विचारलं आणि अख्खा तास त्यातच गेला.

मुंबईत १८३२ साली पोलिसांनी कुत्री मारायला घेतली तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले, दंगल झाली. मारझोडीनं प्रश्न सुटत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. गोव्यानं कुत्र्यांना सलग लस टोचत नेली आणि रेबीज आटोक्यात आणला. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी-लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थेवर आहे. ग्रामपंचायतही त्यातून सुटत नाही.

आजींचा सवाल वेगळाच होता: “लशीपायी सुनेचे चार खाडे झाले, ते कोण भरून देणार?” पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं २०२३मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १०,००० रुपये भरपाई ठरवली. निकाल तिकडचा, पण आमच्या तक्त्यात दातांच्या खुणांना आता वेगळा रकाना आहे.