किंमत उतरते, खर्च उतरत नाही

स्पोर्ट्‌स कार नवी असताना सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर असते आणि वीस-पंचवीस वर्षांनी तीच गाडी एखाद्या साध्या कौटुंबिक मोटारीच्या भावात मिळू लागते. मात्र गाडीची बाजारातील किंमत आणि तिला चालत्या स्थितीत ठेवण्याचा खर्च हे दोन स्वतंत्र हिशेब आहेत आणि वयोमानाने त्यांतला केवळ पहिला आकडा खाली येतो, हे बहुतेक खरेदीदारांच्या ध्यानात पहिले मोठे बिल हाती पडल्यावरच येते. किंमत ठरते ती वय, धाव आणि मागणी यांवरून. देखभालीचा खर्च मात्र गाडीची रचना, सुट्या भागांचे दर आणि मेकॅनिकची मजुरी यांवर अवलंबून असतो. गाडी स्वस्त झाली म्हणून तिचा वॉटर पंप स्वस्त होत नाही, आणि तो बदलायला लागणारे तासही कमी होत नाहीत.

हा फरक समजून घेण्यासाठी पोर्शे या जर्मन कंपनीच्या दोन गाड्यांचे उदाहरण उपयोगी पडते. १९९०च्या दशकाच्या आरंभी ही कंपनी गंभीर आर्थिक संकटात होती. वेंडेलिन वीडेकिंग यांच्या नेतृत्वाखाली तिने जपानी सल्लागारांच्या मदतीने उत्पादनपद्धती बदलली आणि खर्च वाचवण्यासाठी दोन नव्या गाड्या एकाच आराखड्यातून घडवल्या. त्यांपैकी बॉक्सटर १९९६ मध्ये आणि ‘९९६’ या अंतर्गत क्रमांकाने ओळखली जाणारी नवी ९११ ही १९९७ मध्ये आली. दोन्हींचा पुढचा भाग, हेडलॅम्प आणि अनेक सुटे भाग समान होते, आणि दोन्हींत ‘एम ९६’ या सांकेतिक नावाचे सहा सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे इंजिन होते. १९६३ पासून ९११ची ओळख बनलेले हवेने थंड होणारे इंजिन येथे संपले. या गाड्यांनी कंपनी सावरली, त्या मोठ्या संख्येने विकल्या गेल्या, आणि त्यामुळेच आज त्या वापरलेल्या मोटारींच्या बाजारात सहज आढळतात. अमेरिकेत १९९७ साली सुमारे ४०,००० डॉलरना विकली गेलेली बॉक्सटर पुढे १०,००० डॉलरच्या आसपास, कधी त्याहूनही कमी किमतीत हातोहात फिरू लागली. तिचे सुटे भाग मात्र ४०,००० डॉलरच्या गाडीचेच राहिले.

खर्चाचे पहिले कारण गाडीच्या मांडणीत आहे. साध्या मोटारीत इंजिन पुढे असते आणि बॉनेट उघडताच बहुतेक भाग हाताशी येतात. बॉक्सटरमध्ये ते आसनांच्या मागे, गाडीच्या मध्यभागी बसवलेले असते, कारण वजन मध्यावर राहिले तर वळणावर गाडी अधिक चपळ आणि संतुलित राहते. चालवणाऱ्याला मिळणाऱ्या या सुखाची किंमत मेकॅनिकच्या वेळेत मोजावी लागते, कारण वरून इंजिनपर्यंत नीट हात पोहोचत नाही आणि बरेचसे काम गाडी लिफ्टवर चढवून खालून, किंवा आसनांमागचे आवरण काढून करावे लागते. या बाबतीत पोर्शे तशी सौम्यच म्हणावी लागेल. फेरारीच्या १९९४ साली आलेल्या ‘एफ ३५५’ या गाडीत कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, रबरी टायमिंग बेल्टने फिरतात. हे पट्टे धाव कमी असली तरी ठरावीक वर्षांनी बदलावेच लागतात आणि त्यासाठी संपूर्ण इंजिन गाडीतून खाली उतरवावे लागते. पुढच्या ‘३६० मोडेना’मध्ये आसनांमागच्या झाकणातून पट्ट्यांपर्यंत पोहोचण्याची सोय झाली आणि त्यानंतरच्या ‘एफ ४३०’मध्ये पट्ट्यांऐवजी साखळ्या आल्या. देखभालीच्या खर्चाची दखल कारखान्यालाही आराखड्यात घ्यावी लागते, हे या बदलांतून दिसते.

पोर्शेच्या या दोन गाड्यांत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गिअरबॉक्स उतरवण्याचे काम. क्लच ही झिजणारी वस्तू असल्यामुळे ती कधी ना कधी बदलावी लागते आणि त्यासाठी गिअरबॉक्स खाली काढावा लागतो. तो काढल्यावर इंजिनाच्या त्या टोकाला आणखी दोन भाग उघडे पडतात. पहिला म्हणजे क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, टोकावरील मोठे ऑइल सील, जे तेल बाहेर येऊ देत नाही. या इंजिनांत ते गळण्याची तक्रार इतकी सर्रास होती की गाडीखाली दिसणारा तेलाचा डाग मालकांना परिचयाचा झाला. ही गळती लहान असेपर्यंत धोकादायक नसते. दुसरा भाग मात्र इंजिनाच्या जिवाशी निगडित आहे आणि त्याची माहिती प्रत्येक खरेदीदाराने करून घ्यायला हवी.

हा भाग म्हणजे मधल्या शाफ्टचे, इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आयएमएस’ म्हटले जाणारे बेअरिंग. क्रँकशाफ्टची गती साखळीने एका मधल्या शाफ्टकडे आणि तेथून आणखी साखळ्यांनी कॅमशाफ्टकडे नेली जाते, जेणेकरून पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल एकमेकांशी जुळलेली राहते. हा मधला शाफ्ट एका टोकाला ज्या बॉलबेअरिंगवर फिरतो ते मूळ आराखड्यात बंद स्वरूपाचे, म्हणजे आत कायमचे ग्रीस भरून दोन्ही बाजूंनी सील केलेले आहे. कालांतराने ही सीले कडक होतात, इंजिनातील गरम तेल आत शिरून ग्रीस धुऊन नेते, पण ते तेल बेअरिंगमध्ये खेळते राहत नसल्यामुळे वंगणाचे काम नीट होत नाही. मग गोळ्या झिजतात, शाफ्ट डगमगतो, साखळ्यांचा मेळ सुटतो आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून क्षणात सारे इंजिन निकामी होते. सुरुवातीच्या गाड्यांत गोळ्यांच्या दोन रांगा असलेले बेअरिंग होते. साधारण २००० नंतर एकेरी रांगेचे आले आणि तेच अधिक नाजूक ठरले. अमेरिकेत २००१ ते २००५ या मॉडेल-वर्षांच्या गाड्यांबाबत मालकांनी सामूहिक दावा दाखल केला आणि २०१३ मध्ये त्यात तडजोड झाली. या प्रकरणात पुढे आलेल्या आकड्यांनुसार एकेरी बेअरिंग निकामी होण्याचे प्रमाण सुमारे ८ टक्के, तर दुहेरीचे १ टक्क्याहून कमी होते. २००६ पासून मोठ्या आकाराचे, बरेच टिकाऊ बेअरिंग आले. पण ते बदलायचेच झाले तर इंजिनाचे कवच उकलावे लागते.

या आकड्यांचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. बहुसंख्य गाड्यांचे बेअरिंग शाबूत राहिले, तेव्हा या गाड्यांना सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे आहे. परंतु गाडीच्या किमतीहून इंजिन बदलण्याचा खर्च अधिक असताना १२ गाड्यांपैकी एकीवर येऊ शकणारी आपत्ती क्षुल्लक मानणेही शहाणपणाचे नाही. म्हणून अमेरिकेतील जाणकार मेकॅनिक क्लच, ऑइल सील आणि सिरॅमिक गोळ्यांचे किंवा तत्सम सुधारित बेअरिंग ही तिन्ही कामे एकाच वेळी करतात. तिन्हींची मजुरी जवळजवळ एकच असते. वेगवेगळ्या वेळी केली तर ती तीनदा द्यावी लागते. स्वतंत्र गॅरेजमध्ये या एकत्रित कामाला साधारणपणे २,५०० ते ४,००० डॉलर पडतात. दहा हजारांच्या गाडीवर हा आकडा मोठा वाटतो, पण जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या आयुष्यात याहून सार्थकी लागणारा खर्च क्वचितच असेल.

आयएमएसची चर्चा इतकी झाली आहे की नित्याचे खर्च तिच्या आड झाकले जातात. प्रत्यक्षात मालकाचा खिसा रिकामा होतो तो लहान लहान कामांनी. या गाड्यांचे रेडिएटर पुढच्या बंपरमागे, दोन्ही बाजूंच्या हवेच्या तोंडांत असतात आणि त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर; तेथे वाळकी पाने व रस्त्यावरचा कचरा साठतो, तो ओलसर राहतो आणि अॅल्युमिनियम गंजून गळती सुरू होते. बंपर काढून ही जागा वर्षातून एकदा साफ करण्याचे काम अवघ्या काही तासांचे असते, ते टाळल्यास रेडिएटर आणि कंडेन्सर दोन्ही बदलावे लागतात. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, साठवणारी प्लास्टिकची टाकी वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तडकते. वॉटर पंपातील पंखाही प्लास्टिकचा असतो आणि तो तुटल्यास त्याचे तुकडे कूलंटच्या वाटांत अडकून इंजिन तापू शकते, म्हणून तो बिघडण्याची वाट न पाहता काही वर्षांनी बदलणे इष्ट ठरते. इंजिनातील वाफेतून तेल वेगळे करणाऱ्या भागाचा आतला रबरी पडदा फाटला की सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट येतात आणि मालकाला इंजिनच गेले असे वाटते. वास्तविक इंजिनाच्या तुलनेत तो भाग बराच स्वस्त आहे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इग्निशन कॉइल असते, त्यांचे आवरण तडकून ओल शिरली की गाडी मिसिंग करू लागते, आणि एक गेली की बाकीच्याही त्याच वयाच्या असतात. सस्पेन्शनचे आर्म आणि त्यांचे रबरी बुश यांचीही हीच गत. यांतले कोणतेही काम एकटे पाहिले तर भीतिदायक नाही, पण वीस वर्षे उलटलेल्या गाडीत ती एकामागून एक येत राहतात.

गाडी कमी चालवली तर खर्च वाचेल, हा समज या ठिकाणी विशेष घातक आहे. रबर, प्लास्टिक, तेल आणि ब्रेक फ्लुइड यांना किलोमीटरइतकेच वर्षांनीही वय येते. ब्रेक फ्लुइड हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि जोरदार ब्रेकिंगच्या वेळी ते उकळून पेडल पोकळ होऊ शकते. म्हणून ते दर २ वर्षांनी बदलायचे असते, गाडी किती धावली याचा त्याच्याशी संबंध नाही. टायरची नक्षी नवी दिसत असली तरी त्याचे रबर कडक झालेले असू शकते. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन उत्पादनाचा आठवडा व शेवटचे दोन वर्ष दाखवतात, आणि खरेदीपूर्वी ते वाचायला एक मिनिटही लागत नाही. शिवाय या गाड्यांचे पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या मापांचे असल्यामुळे त्यांची अदलाबदल करून आयुष्य वाढवता येत नाही. बॉक्सटरच्या कापडी छताखाली पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. उघड्यावर उभ्या गाडीत त्या पानांनी तुंबल्या की पाणी आत उतरते आणि आसनाखाली ठेवलेल्या इमोबिलायझरच्या, म्हणजे चोरीविरोधी यंत्रणेच्या, इलेक्ट्रॉनिक पेटीत शिरते. मग किल्ली फिरवूनही गाडी सुरू होत नाही. नळीतून तार फिरवण्याचे पाच मिनिटांचे काम राहून गेल्याने हजारो रुपयांची पेटी जाते.

तेल हा या सर्वांतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. एम ९६ इंजिनात आठ ते नऊ लिटर सिंथेटिक तेल लागते, म्हणजे साध्या मोटारीच्या जवळपास दुप्पट, आणि मूळ वेळापत्रकात दोन तेलबदलांतील अंतर बरेच लांब ठेवलेले होते. जुन्या इंजिनासाठी ते अंतर ८,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी येईल तेवढे कमी करावे आणि काढलेला फिल्टर कापून त्याच्या घड्यांत धातूचे कण चमकतात का ते पाहावे, असे अनुभवी मेकॅनिक सांगतात. बेअरिंग झिजू लागल्याची पहिली खूण तेथेच सापडते.

भारतात या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. परदेशात स्वस्तात मिळणारी जुनी स्पोर्ट्‌स कार घरी आणता येईल, असा विचार अमेरिकेतील एखाद्या मराठी शौकिनाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु भारतात आयात होणारी वापरलेली मोटार सर्वसाधारणपणे ३ वर्षांहून जुनी नसावी आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगची असावी अशी अट असल्यामुळे तो मार्ग बंद आहे. येथे आधीच नोंदलेल्या गाडीलाही १५ वर्षांनंतर तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क साध्या मोटारीला ५,००० रुपये, तर आयात मोटारीला ४०,००० रुपये झाले, आणि २० वर्षांवरील आयात मोटारीसाठी ते २०२५ मध्ये ८०,००० रुपये करण्यात आले. सुटे भाग परदेशातून मागवायचे तर आयात शुल्क आणि आठवड्यांची प्रतीक्षा या दोन्ही गोष्टी गृहीत धरायला हव्यात.

तेव्हा जुनी स्पोर्ट्‌स कार घेणाऱ्याने रंगापेक्षा आणि किलोमीटरच्या आकड्यापेक्षा कागदपत्रांची फाइल अधिक बारकाईने पाहावी. वर्षाला थोडी धावून केवळ उभी राहिलेल्या गाडीपेक्षा नियमित चाललेली आणि प्रत्येक तेलबदलाची पावती जपलेली गाडी घेणे बहुतेक वेळा किफायतशीर ठरते. खरेदीपूर्वी त्या गाडीची जाण असलेल्या मेकॅनिककडून तपासणी करून घ्यावी. इंजिनाच्या नियंत्रक संगणकात ते ठरावीक मर्यादेपलीकडे किती वेळा पळवले गेले याची नोंद असते, तीही वाचून घ्यावी. विक्रेत्याकडे गिअरबॉक्स उतरवून क्लच, सील आणि बेअरिंग बदलल्याचे बिल मागावे, आणि ते मिळाले नाही, तर त्या कामाची पूर्ण रक्कम वजा करूनच गाडीला बोली लावावी.